सात निबंधांचा एकच मामा

मी चित्रकलेचा मास्तर. पण नोकरीची शेवटची दहा-बारा वर्षं मी चित्रांपेक्षा निबंधच जास्त पाहिले. लोकांना वाटतं, कला महाविद्यालयात शिकवणारा माणूस दिवसभर रंगांत बुडालेला असतो. मी बुडालो ते ऋणनिर्देश, प्रस्तावना आणि संदर्भसूचीत.

आमचं कॉलेज गोंदियात एका राइस मिलच्या वरच्या मजल्यावर होतं. मिल शेठजींची आणि कॉलेजही शेठजींचंच. खाली धान भरडलं जायचं, वर आम्ही. मिल सुरू झाली की भुशाची धूळ खिडकीतून आत यायची आणि ओल्या तैलचित्रांवर बसायची. एका वर्षी नागपूरच्या परीक्षकांनी एका मुलाच्या कॅनव्हासवर बोट फिरवून पोताचं फार कौतुक केलं. तो पोत मिलचा होता हे त्यांना सांगायची काही गरज नव्हती, मुलाला चांगले मार्क मिळाले.

नव्याण्णव-दोन हजारच्या सुमारास आमच्या अभ्यासक्रमात 'प्रदीर्घ कलानिबंध' आला. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं स्वतःच्या प्रात्यक्षिक कामाशी निगडित असा साठ पानांचा निबंध लिहायचा. म्हणजे तुम्ही मडकी केलीत तर मडक्यांबद्दल, निसर्गचित्रं केलीत तर निसर्गाबद्दल. आपण हेच का केलं, कसं केलं, कुणाकडून शिकलो, काय जमलं, काय बिघडलं. कल्पना वाईट नव्हती. ज्यानं कुणी काढली त्यानं एवढंच लक्षात घेतलं नव्हतं की, ज्या पोरांचं लिहिण्याशी कधी जमलं नाही तीच आमच्याकडे येतात. दहावीला मराठीत पस्तीस मिळवून, घरच्यांची बोलणी खाऊन, निदान इथे तरी लिहावं लागणार नाही म्हणून ती सुखानं पेन्सिली तासत होती, आणि विद्यापीठानं तिथेही त्यांना गाठलं.

पोरांनी यावर तोडगा काढला, आणि तो तोडगा स्टेशनाजवळ राहत होता. भैयाजी कॉम्प्युटरवाले. टायपिंग, झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल बायंडिंग. या माणसानं चित्रकलेचा ब्रश कधी हातात धरला नव्हता, पण जिल्ह्यातल्या कलेवर त्याच्याइतकं लेखन कुणाच्या नावावर नसेल. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुने निबंध साठवलेले असायचे. त्याला तो 'मॅटर' म्हणायचा. मुलगा आला की विचारायचा, "क्या बनाया है? सीनरी? सीनरी में दो मॅटर हैं, समुंदर और पहाड."

पहिल्या पानावरचं नाव बदललं की निबंध तयार. अडचण एकच होती, निबंध चित्राशी निगडित हवा. मग पोरं काय करायची, आधी मॅटर आणायची आणि त्याबरहुकूम चित्र काढायची. आधी कळस मग पाया, अशी आमची शिक्षणपद्धती. आमगावच्या एका मुलानं एका वर्षी समुद्राच्या लाटांची मालिकाच रंगवली. परीक्षकांनी विचारलं, "समुद्र कुठे पाहिलास?" तो म्हणाला, "नवेगावबांधले, सर." नवेगावबांध म्हणजे आमच्या जिल्ह्यातला तलाव. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. पोरगा पास झाला.

मार्गदर्शक म्हणून प्रत्येक निबंधात माझं प्रमाणपत्र असे, 'सदर लेखन विद्यार्थ्याने माझ्या मार्गदर्शनाखाली स्वतः केले आहे.' बायंडर हे पान सगळ्यांत आधी मागायचा. त्यामुळे निबंध जन्माला येण्याच्या आधीच मी त्याच्या अस्सलपणावर सही करत असे. कोणत्याही मार्गदर्शकाला विचारा, सगळ्या विद्येच्या क्षेत्रात हीच रीत आहे.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे ते दोन हजार पाच-सहाच्या आसपासचं. त्या वर्षी वर्गात अकरा जण होते आणि त्यांत भोजराज होता. केशोरीचा. बाकीच्यांपेक्षा वयानं मोठा, बोलायला कमी, आणि हाताच्या नखांत कायम रंग. त्याचा मामा नाटकांचे पडदे रंगवायचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई आली की नाटक आलंच. ते होळीपर्यंत चालतं. नाटक कोणतंही असो, मागे पडदे ठरलेले. महालाचा, जंगलाचा, रस्त्याचा. भोजराज लहानपणापासून मामाच्या हाताखाली हे पडदे रंगवत आला होता.

सालेकशाकडच्या एका आश्रमशाळेत चित्रकला शिक्षकाची जागा निघाली होती. वयाच्या अटीत बसायचं भोजराजचं ते शेवटचं वर्ष. जूनमध्ये हातात डिप्लोमा असला तर नोकरी, नसला तर पुन्हा पडदे. आणि पडद्यांचं आयुष्य संपत आलेलं सगळ्यांना दिसत होतं, कारण फ्लेक्स आला होता. महाल, जंगल, रस्ता सगळं नागपूरहून छापून गुंडाळी करून यायला लागलं होतं. मामानंच त्याला बजावलं होतं की ब्रश खूप झाला, आता सर्टिफिकीट आण.

मी त्याला म्हटलं, तू रस्त्याचा पडदाच प्रात्यक्षिकाला घे. नियमात कामाचा आकार ठरलेला, त्यामुळे खरा पडदा चालणार नव्हता, म्हणून त्यानं तोच पडदा लहान करून एका बोर्डवर रंगवला. मग मी म्हणालो, आता यावर लिही.

तो म्हणाला, "सर, पडदा तं समोर दिसूनच राहिला. मंग लिवाचं कायले?"

मी म्हटलं, "मला दिसत नाही असं समज. मी आंधळा आहे आणि पुण्याचा आहे."

हे त्याला पटलं. पंधरा-वीस दिवसांनी तो हातानं लिहिलेले कागद घेऊन आला. मी चष्मा लावून दोन पानं चाळावीत म्हणून बसलो आणि चहा गार झाला तरी उठलो नाही. त्यात लिहिलं होतं की रस्त्याच्या पडद्यावर घरांची दारं नेहमी बंद रंगवतात. दार उघडं दिसलं तर लोक तिथून कोण बाहेर येतं हे बघत बसतात आणि इकडे नट बोलून बोलून मरतो. निळा रंग जपून वापरावा, पिवळ्या बल्बखाली तो मेल्यासारखा दिसतो. कापडाला तांदळाच्या पेजेची खळ देतात, पण त्यात कडुनिंबाचा पाला उकळून घालावा लागतो, कारण एकदा वाळत घातलेला महाल मामाच्या वासरानं खांबापर्यंत चाटून टाकला होता. मी आजवर तपासलेल्या निबंधांत 'सौंदर्यानुभूती' हा शब्द शेकड्यानं आला होता, वासरू पहिल्यांदाच आलं.

एका ठिकाणी मात्र मी अडलो. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचीच्याही. भाचा पाळण्यातला असो की पस्तीस वर्षांचा, घरी आला की मामा वाकणार. शंभर बामनं जेवू घातली काय आन एक भाचा जेवू घातला काय, सारखंच, असं म्हणतात. भोजराजनं लिहिलं होतं, 'मी ब्रश हातात घेतला त्या दिवशी मामा म्हणाला, आजपासून मी तुझ्या पाया पडणार नाही. तू माझ्या पडायचे. आता तू भाचा नाहीस, चेला आहेस. मला फार वाईट वाटले व मी जेवलो नाही.'

मी समासात लाल शाईनं शेरा मारला, 'घरगुती. कलेशी संबंध नाही. काढणे.'

"राहू द्या ना सर," तो म्हणाला. "बाकी सारं काढा."

बाकी काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तेही राहिलं. निबंध टाइप करायला तो भैयाजीकडे देऊन आला.

आणि त्याच आठवड्यात भैयाजीचा कॉम्प्युटर बसला. व्हायरस. वर्षानुवर्षांचा समुद्र, पहाड, मडकी, अमूर्त कला, सगळं गेलं. दुरुस्त होऊन आला तेव्हा त्यात नव्यानं टाइप केलेला एकच मॅटर होता. निबंध जमा करायची तारीख डोक्यावर आलेली. पोरांची रांग लागली. भैयाजी धंद्याला पक्का, गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवणं त्याच्या रक्तात नव्हतं. नंतर मी त्याला जाब विचारायला गेलो तेव्हा तो दुखावलाच. "सरजी, मैंने सबको अलग-अलग फॉन्ट दिया है."

अशा रीतीनं त्या वर्षी आमच्या अकरा विद्यार्थ्यांपैकी सात जणांना केशोरीला एकच मामा झाला. प्रथेप्रमाणे त्यांनी आपापली चित्रं पुसून रस्ते रंगवले, बंद दारांसकट. त्यांत पायल होती. गोंदियाच्या बाजारात तिच्या वडिलांचं कापडाचं दुकान. घरात सिंधी, बाहेर हिंदी, मराठी परीक्षेपुरती. तिच्याकडे भारीतले रंग होते, त्यामुळे तिचा रस्ता भोजराजच्या रस्त्यापेक्षा जास्त झकपक दिसत होता.

मला यातलं काही माहीत नव्हतं. निबंध बांधून थेट ऑफिसात जमा होत आणि तिथून पोस्टानं परीक्षकांकडे. तोंडी परीक्षेआधी मी वर्गाला नेहमीचा मंत्र दिला, "आपापल्या निबंधातलं तंत्र, रंग, रचना पाठ करा. घरगुती माहिती कुणी विचारत नाही, ती सोडून द्या." इतक्या वर्षांत माझं एवढं एक मार्गदर्शन पोरांनी तंतोतंत पाळलं.

त्या वर्षीच्या परीक्षक होत्या पुण्याच्या सबनीस मॅडम. आधीचे परीक्षक निबंध उचलून बघत, जाड आहे ना, मग ठीक. पण मॅडम महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आल्या. पुण्याहून गोंदियाला पोचेपर्यंत त्या गाडीत माणूस काहीही वाचू शकतो, कलानिबंधसुद्धा. त्या स्टेशनवर उतरल्या त्याच मुळी सातही निबंध काखेत घेऊन.

"सर," त्या मला म्हणाल्या, "अकोल्यापर्यंत मला वाटलं मी तेच पान पुन्हा वाचतेय. वर्ध्याला कळलं की तुमच्याकडे मामा एकच आहे."

तोंडी परीक्षेत त्यांनी एकेकाला आत बोलावलं. दारं बंद का? पायल घडाघडा बोलली, प्रेक्षकांचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. निळा रंग कमी का? पिवळ्या प्रकाशात तो निस्तेज दिसतो म्हणून. दुसराही तसाच, तिसराही. सगळ्यांची तयारी उत्तम. मग भोजराज आला. मॅडमनी विचारलं, "दारं बंद का?"

तो गोंधळला. "तशीच राह्यतेत, मॅडम."

सातांत सगळ्यांत वाईट तोंडी त्याची झाली, ज्यानं ते लिहिलं होतं.

शेवटी मॅडमनी सातही जणांना एकत्र उभं केलं. "हा मामा कुणाचा?"

"माझा," सहा आवाज आले. पायल म्हणाली, "मेरे मामा हैं मॅडम, केशोरी में रहते हैं."

"आणि तुझा?" मॅडमनी भोजराजला विचारलं.

"माहाच होय मॅडम. पन आता म्हनून का फायदा? सारेच म्हनून राहिले."

मॅडम शेठजींच्या केबिनमध्ये गेल्या. मीही मागे गेलो. त्या म्हणाल्या, नियम सरळ आहे, निबंध सारखे असतील तर सगळ्यांना शून्य. खरा कुणाचा हे निःसंशय कळलं तरच त्या एकाला वेगळं काढता येईल. मी म्हणालो, भोजराजचा आहे, मी त्याचे हातानं लिहिलेले कागद वाचलेत. पण ते कागद टायपिंगनंतर भैयाजीच्या रद्दीत गेले होते. त्यांनी शांतपणे माझ्याच सहीची सात प्रमाणपत्रं टेबलावर मांडली. त्यानंतर माझ्या शब्दाला काही वजन उरलं नाही.

"मामाला भेटू या," मॅडम म्हणाल्या. "आहे ना तो? का तोही छापलेला आहे?"

शेठजींना सातांपैकी कुणाचीच पर्वा नव्हती. त्यांना निकालाची होती, कारण निकाल पडला की मान्यतेची चौकशी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलची गाडी निघाली. मागे सात विद्यार्थी, मधल्या सीटवर मॅडम आणि मी. शेठजींनी खिडकीतून माझ्या कानाशी तोंड आणलं. "टेंशन मत लो मास्टरजी. केशोरी में हमारा धान का दलाल है, उसको फोन कर दिया. मामा सब को पहचान लेगा. सब भांजे, तो सब पास."

मी काही बोलायच्या आत गाडी सुटली. शेठजी धानाचा व्यापार उत्तम करत, पण हा हिशेब त्यांचा साफ चुकला होता. मामानं सातही आपले म्हटले की सातही शून्य, आणि त्यात भोजराजही. नवेगावच्या जंगलातून गाडी जात होती, मोहफुलं वेचायला बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या, मॅडम मला त्यांची माहिती विचारत होत्या आणि मी काहीबाही उत्तरं देत होतो. शेठजींनी केलेला प्रकार सांगावा तर नोकरी शेठजींची. न सांगावा तर मागे बसलेल्या पोराचा जून बुडतो. मागे पायल आणि मंडळी तंत्र-रंग-रचना पुन्हा एकदा म्हणत होती. भोजराज मागच्या फळीला टेकून रस्त्याकडे बघत होता. शेवटी केशोरीच्या अलीकडे मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तो मामा खोटं बोलणार. आणि भाचा कोण हे मला त्याच्याकडूनच कळायचं आहे. मग आता आपण जातोय कशाला?"

तरी गेलो. इतकं आल्यावर परत फिरायचं कसं, एवढ्याचसाठी.

मामाचं घर गावाच्या कडेला. नाव हरबाजी. वाळलेला, उंच माणूस, कानावर बिडी. अंगणात जंगलाचा पडदा पसरलेला होता आणि तो त्यावर उकिडवा बसून जुनी झाडं नव्यानं हिरवी करत होता. गाडी थांबली तसा तो उठला, हात धोतराला पुसले. मॅडमनी मुलांना ओळीत उभं केलं आणि कुणी तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं. भोजराज ओळीत पाचवा.

"यातला तुमचा भाचा कोणता?" मॅडमनी विचारलं.

मामानं ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग जमिनीकडे. "सारेच, बाई."

"सातही?"

"हो. सारे माहे भाचेच होत." दलालानं पढवलेलं त्यानं म्हणून टाकलं, पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. भाचे म्हटलं तर भाच्याचा मान करायला हवा, नाहीतर बाईला खरं कसं वाटणार? त्यानं आत हाक मारली, "पानी आन वो, भाचे आले." मामी तांब्या घेऊन आली. मामा ओळीच्या टोकाला गेला आणि पहिल्या मुलाच्या पायांशी वाकला.

ते पोरगं तिरोड्याकडचं. घरी त्याचा स्वतःचा मामा त्याच्या पाया पडत असणार, त्याला याचा अर्थ बरोबर माहीत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मामा दुसऱ्याकडे सरकला, वाकला. मग तिसरा.

"हे काय चाललंय?" मॅडमनी मला हळूच विचारलं. मी रीत सांगितली. त्या कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवू लागल्या. चौथी पायल. पांढऱ्या केसांचा अनोळखी म्हातारा आपल्या सँडलवर डोकं टेकवतोय हे बघून ती दोन पावलं मागे सरकली, तर मामा तेवढंच पुढे सरकून वाकला.

मग भोजराज.

मामा त्याच्यासमोर आला आणि थांबला. वाकायला म्हणून त्यानं हात पुढे केले, पण पाठ काही वाकेना. तसाच उभा राहिला. मग भोजराज खाली वाकला आणि त्यानं मामाच्या पायांवर डोकं ठेवलं. मामाचा हात आपसूक त्याच्या डोक्यावर गेला, हिरव्या रंगासकट.

मॅडमनी काखेतला एक निबंध काढला, कुणाचा ते न बघताच, आणि पानं उलटली. मग तो पायलसमोर धरला. "वाच. मोठ्यानं."

पायल वाचू लागली. 'आजपासून मी तुझ्या पाया पडणार नाही. तू माझ्या पडायचे. आता तू भाचा नाहीस...' पुढे तिला वाचवेना. ते वाक्य सातही निबंधांत होतं, सात वेगवेगळ्या फॉन्टांत. सहा जणांनी ते आपल्या नावानं जमा केलं होतं आणि सहांतल्या एकानंही ते वाचलं नव्हतं, कारण सरांनी सांगितलं होतं की घरगुती माहिती कुणी विचारत नाही.

मॅडम निबंध मिटून मला म्हणाल्या, "याचाच." जंगलाच्या पडद्याशी जाऊन त्या बसल्या आणि मामाला रंगात काय काय मिसळता म्हणून विचारू लागल्या. पण मामाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मला बाजूला घेऊन गेला. त्याचे डोळे भरले होते.

"माह्याकून चुकलं का सर? पोराचं बिघडलं का?" तो म्हणाला. "दलालानं सांगतलं, सारे भाचे म्हना. म्या म्हनलो. सारं बराबर करून राहिलो होतो. पन याच्या पाया कसा पडू? यानं ब्रश घेतला ना."

मी त्याला सांगितलं की बिघडलं नाही. तो पास झाला. त्याचा विश्वास बसायला वेळ लागला. मग मी मामीकडे पाणी मागितलं.

निघताना पायल मामाकडे गेली आणि वाकली. मामा चटकन मागे झाला. "नाई बाई, भाचीनं पाया पडाचं नाई, पाप लागते. पडाचंच असन तं आंधी ब्रश घे." तिला ते कळलं नाही. मी तिला हिंदीत सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी काही पाठ करत नव्हतं.

सहा जणांना मॅडमनी शून्य दिलं आणि ऑक्टोबरात पुन्हा निबंध द्यायची मुभाही दिली. भोजराजला जूनमध्ये नोकरी लागली. तिथली पोरं रस्ता काढतात तेव्हा दारं बंद काढतात, असं मला कुणीतरी सांगितलं. शेठजींनी मला बोलावून विचारलं की, मामा ऐनवेळी का फिरला. मी म्हणालो, त्याचं प्रात्यक्षिक निबंधाशी निगडित निघालं. त्यांना समजलं नाही आणि त्यांनी पुन्हा विचारलंही नाही. हरबाजी मामानं पुढे दोन-तीन मोसम पडदे रंगवले, मग केशोरीतही फ्लेक्स लागला.

ऑक्टोबरात सहा निबंध आले. त्यांतल्या पाचांत मामाच्या जागी काका झाला होता. वासरू तेच होतं.

सहावा पायलचा. हातानं लिहिलेला, अक्षर वाकडं, दर ओळीत शुद्धलेखनाच्या चार चुका. या वेळी प्रमाणपत्रावर सही करायच्या आधी मी तो वाचायला घेतला. पहिलंच वाक्य होतं, 'माझे मामा रायपूरला साडी विकतात आणि त्यांना चित्रातला काही पण समजत नाही, आणि मला पण अजून समजत नाही.'

मी लाल पेन बंद केलं आणि सही केली.